सासूबाई नक्की काय म्हणाल्या

“अनोळखी नंबरवरून फोन आला तर ‘ने’ म्हणून उचलू नकोस गं फानी. चोर तेवढा एक ‘ने’ टेप करून ठेवतात आणि मग तुझ्या नावावर काय वाटेल ते विकत घेतात.”

हे मला पोलिक्सेनी मावशीने सांगितलं, स्टुटगार्टहून. मावशी लग्न होऊन तिकडे गेली आणि तेव्हापासून तिथे बसून आम्हा सगळ्यांची काळजी वाहते. कधी कलिंगडाच्या बिया, कधी लिफ्टची दारं, कधी एसीखाली झोपणं. आता मीही काही निर्धास्त बाई नाही. माझ्या लेकीची, बेबाची चोखणी मी दोनदा उकळते. ती गाढ झोपली की नाकापुढे बोट धरून श्वास येतोय ना ते बघते. आमच्या व्होलोस शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे नळाच्या पाण्यावरही माझा भरवसा नाही. पण मावशीच्या या निरोपाला मात्र मी हसले.

“मावशी, अख्खा देश ‘ने’ म्हणूनच फोन उचलतो. मग मी काय म्हणू, म्यांव?”

“म्यांव म्हण! पण हो म्हणू नकोस. हो म्हटलं की माणूस अडकला.”

तसं तिचंही खरं होतं. आमच्या भाषेत ‘ने’ म्हणजे हो. पण फोन कानाला लावला की तोच ‘ने’ ‘कोण बोलतंय’ होतो, ‘ऐकू येतंय का’ होतो, आणि समोरच्याने लांबण लावली तर ‘बरं, पुढे बोला’सुद्धा होतो. एवढ्या गुणी शब्दाला काय भ्यायचं? मी फोन ठेवला आणि चोखणी उकळायला टाकली.

मावशीचा नेम जरासा चुकला, एवढंच. फोन आला, पण मला नाही, माझ्या सासूबाईंना. आणि त्यांचा ‘ने’ टेप केला तो चोरांनी नव्हे, बँकेने.

सासूबाईंचं नाव एवान्थिया. आमच्याच घराच्या तळमजल्यावर त्या राहतात, आम्ही वर. सासरे गेल्यावर त्यांची पेन्शन ज्या बँकेत जमा व्हायला लागली, तिथल्या काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या गळ्यात एक क्रेडिट कार्ड बांधलं होतं. “फुकट आहे किरीया एवान्थिया, घ्या हो!” किरीया म्हणजे बाईसाहेब, त्यात फुकट. सासूबाईंनी घेतलं आणि मसुराच्या बरणीत खुपसून ठेवलं. नातीसाठी काही मागवायचं असलं तरच ते मसूर झटकून बाहेर यायचं. कार्डाचा नंबर चोरापर्यंत कुठून पोचला, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. मसुरांनी तर सांगितला नसेल.

जुलैतल्या एका दुपारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. भात भरलेले टोमॅटो होते.

“सकाळी बँकेतनं फोन आलेला,” सासूबाई म्हणाल्या. “कुणी बाई होती. पाठ केल्यासारखी बोलत होती. मी म्हणे विजेवरची स्कूटर घेतेय का.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. नाही म्हटलं.”

“अगं आई, हो म्हणायचं ना!” हा माझा नवरा, स्त्रातोस. फेरीबोटीवर इंजिनं सांभाळतो. घरी असला की बोलायचा साठा भरपूर असतो. “बाजारातून झुमकन जाशील. मागे बेबाला बसव, पुढे भाजीची पिशवी.”

“तुझ्या बापाच्या मोटरसायकलवर बसून माझं कंबरडं गेलंय, तेवढं पुरे.”

“आई, अजून एक टोमॅटो वाढू?” मी विचारलं.

सासूबाईंनी भुवया वर केल्या, हनुवटी वर उचलली आणि जिभेने केलं, “त्स.”

नको. आमच्याकडे ‘नाही’ला ‘ओही’ असा चांगला धडधाकट शब्द आहे, पण तो भांडणासाठी राखून ठेवलेला. रोजच्या वापरातल्या नाहीला ‘त्स’ पुरतो. काही जण तर तेवढेही कष्ट घेत नाहीत, नुसत्या भुवयांवर भागवतात.

महिना संपता संपता बँकेचं बिल आलं. विजेवरची स्कूटर. शिवाय हेल्मेट. शिवाय गुडघ्यांना बांधायच्या गाद्या. चोर जिवाला जपणारा होता, हे बघून मला क्षणभर त्याचं कौतुकच वाटलं. मग मी बेरीज बघितली आणि कौतुक ओसरलं. सासूबाईंच्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा आकडा मोठा होता.

मी बँकेला फोन लावला. “तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे,” असं एक बाई सांगत राहिली आणि मधून मधून व्हायोलिन वाजत राहिलं. तेवढ्यात बेबाने दुपटं ओलं केलं, मी बदललं, तिने परत ओलं केलं. शेवटी एक तरुण आवाज आला.

“मॅडम, हा व्यवहार ग्राहकाने फोनवर मंजूर केलेला आहे.”

“नाही केला. बँकेतून विचारलं तेव्हा त्यांनी नाही सांगितलंय.”

“सिस्टिममध्ये ‘हो’ आहे.”

“पण त्या ‘नाही’ म्हणाल्या!”

“मॅडम, मला समोर हिरवी खूण दिसतेय.”

“मग ती लाल करा.”

“ते शाखेत जाऊन करावं लागतं.” आणि फोन ठेवण्याआधी मला विचारलं, “आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?”

शाखेत गेलो. आता आमच्या बँकांची दारं म्हणजे काचेची पेटी असते. पहिलं दार आत घेतं, मागे बंद होतं, माणूस जरा वेळ बरणीतल्या लोणच्यासारखा उभा राहतो, आणि मग दुसरं दार उघडतं. त्या पेटीत बाबागाडी मावत नाही. सासूबाई एकट्या आत गेल्या आणि मी उन्हात गाडी हलवत काचेला नाक लावून उभी राहिले.

आवाज ऐकू येत नव्हता, पण गरजही नव्हती. काउंटरवरच्या मुलीने काहीतरी विचारलं. सासूबाईंची हनुवटी वर गेली. मुलीने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून बोट ठेवलं. हनुवटी परत वर. मुलगी हसली, मान एका बाजूला कलवून काहीतरी सावकाश बोलली, लहान मुलाला समजावतात तसं. या वेळी हनुवटी वर गेली नाही. सासूबाईंनी पर्स उचलली आणि त्या पेटीतून बाहेर आल्या.

“काय म्हणाली?”

“म्हणते, फोनवर हो म्हणालात, आता नाही कसं म्हणता. मोठे साहेब आहेत कुणी कारापानोस, त्यांना भेटा म्हणते. ते रजेवर आहेत. पंधरा ऑगस्टनंतर या.”

पंधरा ऑगस्ट म्हणजे मरियममातेचा सण, आणि उन्हाळ्यात या देशातलं प्रत्येक काम त्याच्या पलीकडे ढकललेलं असतं. नळ दुरुस्त करणारा पंधरा ऑगस्टनंतर, दाताचा डॉक्टर पंधरा ऑगस्टनंतर. जुलैत देश बुडायचा ठरला तरी पंधरा ऑगस्टनंतरच बुडेल. त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण घराकडे वळताना सासूबाई म्हणाल्या, “मला आजी म्हणाली ती. ‘आजी, या वयात होतं असं,’ म्हणाली. किती गोड आवाजात सांगितलं गं.”

त्या संध्याकाळी स्त्रातोस आणि मी बाल्कनीत बसलो होतो. बेबा झोपली होती.

“फानी, आईने खरंच हो म्हटलं असलं तर?”

“त्यांनी नाही म्हटलं. जेवताना सांगितलं ना आपल्याला.”

“सांगितलं गं. पण काय म्हटलं आणि काय आठवलं... परवा ती कॉफी गॅसवर विसरली.”

“तू रोज विसरतोस.”

“मी बाळ सांभाळणार नाहीये.”

बाहेर पडलं ते एकदाचं. एक सप्टेंबरला मी कामावर परत जाणार होते आणि बेबा दिवसभर सासूबाईंकडे राहणार होती. हे बेबा जन्मायच्या आधीपासून ठरलेलं. नगरपालिकेच्या पाळणाघरात जागा नव्हती, आणि असती तरी मी तिथल्या प्रत्येक खुळखुळ्याचा नमुना प्रयोगशाळेत नेला असता. जगातल्या सगळ्या गोष्टींना भिणारी मी, सासूबाईंना मात्र कधी भ्यायले नव्हते. आता बसल्या जागी डोळ्यांपुढे जिना आला, गॅस आला, आंघोळीचं तापलेलं पाणी आलं. मी बेबाच्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या, आणि स्त्रातोसला काय ते कळलं.

आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली सासूबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. ती उघडी होती. थोड्या वेळाने तिचं लाकडी दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पाहुण्यासारख्या वागायला लागल्या. एरवी त्या जिन्यातूनच गात वर यायच्या, बेबा त्यांचं गाणं ऐकून पाळण्यात पाय झाडायला लागायची. आता त्या बेल वाजवायच्या. “उचलू का?” असं मला विचारायच्या, स्वतःच्या नातीला उचलायला. गॅस बंद केला की सिलिंडरपाशी वाकून परत बघायच्या, जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा मागे यायच्या. बेबाला भरवलं की मला येऊन सगळं सांगायच्या, काय खाल्लं, किती टाकलं, पाणी कधी पाजलं, जसा काही मी त्यांचा जबाब घेत होते.

मग एका दुपारी म्हणाल्या, “फानी, तुझ्या आईला विचार ना, सप्टेंबरात इकडे राहायला येईल का. माझे हात हल्ली थरथरतात.”

त्याच हातांनी सकाळी त्यांनी पालकाच्या पाईसाठी पीठ लाटलं होतं, इतकं पातळ की त्याच्या आरपार टेबलावरची फुलं दिसावीत.

“आई,” मी म्हटलं, “त्या दिवशी फोनवर तुम्ही काय म्हणालात?”

“नाही म्हणाले.” त्यांनी बेबाच्या झबल्याची घडी घातली, मोडली, परत घातली. “असं मला वाटतं.”

ते ‘वाटतं’ मला सहन झालं नाही. कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, कोणत्या चुलत दिराने सासऱ्यांच्या अंत्ययात्रेला पांढरे मोजे घातले होते, हे सगळं या बाईला तोंडपाठ. ती आता स्वतःच्या एका शब्दाबद्दल ‘वाटतं’ म्हणत होती. स्कूटर गेली खड्ड्यात. मला तो फोन ऐकायचा होता. खरं सांगायचं तर माझ्यासाठीही ऐकायचा होता, कारण रात्री दिवा मालवला की स्त्रातोसचं ते वाक्य माझ्याही कानात घुमायचं.

मी बँकेला लिहिलं: तुमच्याकडे सासूबाईंच्या होकाराचं रेकॉर्डिंग आहे म्हणता, तर ते आम्हाला ऐकवा. उत्तर आलं की ग्राहकाची गोपनीयता जपण्यासाठी रेकॉर्डिंग कुणालाही ऐकवता येत नाही. ग्राहक म्हणजे सासूबाई. म्हणजे सासूबाईंचा आवाज बँकेने सासूबाईंपासून लपवून ठेवला होता. मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे आणि बंद प्रकरणाबाबत पत्रव्यवहार होत नाही. हे त्यांनी मला पत्राने कळवलं. तिसऱ्या वेळी मी अर्जावर सासूबाईंची सही घेतली, त्याची एक प्रत बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीला धाडली, आणि तसं ठळक अक्षरात खाली लिहिलं. मग बोलावणं आलं: सणानंतर शाखेत या, श्री. कारापानोस यांच्यासमोर ऐकवू.

या वेळी मी बेबाला छातीशी बांधून नेलं. तरी काचेच्या पेटीने हरकत घेतलीच. “एका वेळी एकच व्यक्ती,” असं ती म्हणत राहिली, शेवटी पहारेकऱ्याने हाताने दार उघडलं.

सणानंतरचा दिवस, सगळं गाव बँकेत. लोक नंबराची चिठ्ठी धरून वारा घेत उभे होते. कारापानोस साहेबांचं टेबल त्या गर्दीतच, एका कुंडीच्या आडोशाला. समुद्रावरून नुकतेच आलेले दिसत होते; नाकाची सालं निघत होती.

“बसा आजी, बसा. काय गोड बाळ आहे हो! फ्तू, फ्तू,” त्यांनी दृष्ट लागू नये म्हणून थुंकल्यासारखं केलं. “नाव काय?”

“बाप्तिस्मा व्हायचाय अजून. सध्या नुसती बेबा.”

“वा वा. हे बघा, मी तुमच्याच बाजूचा माणूस आहे.” हे ऐकल्यावर मी अर्जाची प्रत काढून टेबलावर ठेवली. “पण रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकलंय. उगाच कशाला? आजींना वाईट वाटेल.”

“ऐकवा,” सासूबाई म्हणाल्या. पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या बसल्या होत्या, डॉक्टरच्या खोलीत बसतात तशा. त्यांनी साहेबांकडे बघितलं नाही, बेबाकडे बघितलं.

साहेबांनी बटण दाबलं. आवाज कुणीतरी पूर्ण वाढवून ठेवलेला होता. फोनची घंटा अख्ख्या बँकेत खणखणली, लोकांनी आपापले खिसे चाचपले. साहेब आवाज कमी करायची कळ शोधेपर्यंत सासूबाईंचा आवाज छताला जाऊन भिडला:

“ने?”

मग ती पाठ केल्यासारखी बोलणारी बाई. ती बाई कसली, यंत्र होतं. “नमस्कार. आपल्या कार्डावरून विजेवरची स्कूटर खरेदी करण्यात येत आहे. ही खरेदी आपण करत आहात का? कृपया हो किंवा नाही म्हणा.”

मागे कढईत कांदा चुरचुरत होता. मग ऐकू आलं, “त्स.”

मग परत नुसता कांदा.

“क्षमा करा,” यंत्र म्हणालं, “आपलं उत्तर ऐकू आलं नाही.”

“ने?” सासूबाई, विहिरीत वाकून हाक मारावी तशा.

“धन्यवाद. आपलं उत्तर नोंदवलं आहे. आपला दिवस शुभ जावो.”

“तुझाही जावो, पोरी,” सासूबाई म्हणाल्या, आणि खटकन फोन ठेवल्याचा आवाज.

साहेब खुर्चीत मागे रेलले. “ऐकलंत? एकदा नाही, दोनदा. ने, ने.”

सासूबाईंच्या तोंडावरचा रंग उडाला. “मी... मी हो म्हणाले?” त्या माझ्याकडे वळल्या. “फानी, म्हणाले की गं मी.”

“थांबा,” मी म्हटलं. “मधलं परत लावा.”

“मधे काही नाहीये मॅडम. लाइनीवरची खरखर आहे.”

“ती खरखर लावा.”

त्यांनी लावली. कांदा. आणि मग स्वच्छ, ठणठणीत, “त्स.”

“अहो, नाही म्हणाली की ती!” रांगेतून आवाज आला. एक गृहस्थ होते, हातात तारली मासळीची पिशवी, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

“चांगली स्पष्ट म्हणाली,” त्यांच्या मागची बाई म्हणाली. “मला इथवर ऐकू आलं, आणि मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

“कृपया!” साहेबांनी हात वर केला. “हा नुसता आवाज आहे, उत्तर नाही. सिस्टिमला शब्द लागतो. यात ‘ओही’ कुठे आहे? ‘ने’ मात्र दोनदा आहे.”

“पहिला ‘ने’ फोन उचलल्याचा आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, बेबा दचकून माझ्याकडे बघायला लागली. “दुसरा, पलीकडे कुणी आहे का ते विचारल्याचा. मधे प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं. नाही!”

“माझी बायको घ्या,” तारलीवाले गृहस्थ रांग सोडून पुढे आले. “मी बोलत असताना ‘ने, ने, ने’ म्हणते आणि एक अक्षर ऐकत नाही. तिला किती स्कूटरी विकाल साहेब?”

“तुमचा नंबर आला की बोला!” साहेब म्हणाले.

मी सासूबाईंकडे बघत होते. त्यांच्या गालांवर रंग परत येत होता. त्यांनी पर्सचा पट्टा नीट केला, खुर्ची जराशी पुढे ओढली.

“साहेब, पोरा, एक विचारू?”

“विचारा ना आजी.”

“तुझी गाडी आहे ना बाहेर? ती मला दे बरं. जरा डोंगरावर बहिणीकडे जाऊन येते.”

कारापानोस साहेबांच्या भुवया वर गेल्या. हनुवटी उचलली गेली. “त्स,” ते म्हणाले.

बँकेत क्षणभर तारल्यांचं पाणी ठिबकल्याचं ऐकू आलं. मग असा हशा उसळला, की काचेच्या पेटीत अडकलेला माणूससुद्धा आत काय झालं म्हणून काच वाजवायला लागला.

“काय म्हणालास?” सासूबाई कानामागे हात धरून वाकल्या. “ऐकू आलं नाही. लाइनीवर खरखर होती.”

“मी... नाही म्हणालो.”

“कधी? शब्द तर काही ऐकला नाही मी. आण किल्ली.” त्यांनी तळहात पुढे केला. तो बिलकुल थरथरत नव्हता.

साहेबांचं सोललेलं नाक लालबुंद झालं. त्यांनी एकदा रांगेकडे बघितलं, एकदा त्या तळहाताकडे, आणि मग त्यांनाही हसू आवरलं नाही. “बरं, लिहितो मी मुख्य कचेरीला,” असं म्हणून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. दोन ओळी लिहून थांबले. “पण त्या आवाजाला लिहू काय?”

“नाही लिहा,” तारलीवाले म्हणाले.

“जसा ऐकलास तसा लिही,” सासूबाई उठत म्हणाल्या. “आणि पोरा, मला आजी म्हणू नकोस. कार्ड गळ्यात बांधलंत तेव्हा मी किरीया एवान्थिया होते.”

घरी येताना त्यांनी बेबाला माझ्याकडून घेतलं. विचारलं नाही, घेतलं.

पैसे लगेच आले नाहीत. मुख्य कचेरीला त्या एका ‘त्स’वर बराच विचार करावा लागला असावा. शेवटी पत्र आलं की फेरतपासणीत सदर ध्वनीचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावण्यात आला असून रक्कम परत करण्यात येत आहे. माफीचा शब्द नव्हता. पण पत्र यायच्या कितीतरी आधी जिन्यातलं गाणं परत सुरू झालं होतं, आणि बेलवर धूळ बसायला लागली होती.

स्त्रातोस बोटीवरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो पोटभर हसला, मग हसायचा थांबला, मग खाली गेला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खिडकी उघडी होती.

“आई, मी त्या दिवशी जे बोललो ना...”

“त्स,” सासूबाई म्हणाल्या. “बस. मटणाचे गोळे तळलेत, गरम आहेत तोवर खा.”

एक सप्टेंबरला मी प्रयोगशाळेत गेले. पाण्याच्या बाटल्या रांगेत मांडल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, एक चिठ्ठी उलटी चिकटवली. जमेल तितका वेळ दम धरला आणि घरी फोन लावला.

“ओही!” पलीकडून गर्जना झाली.

“आई, मी आहे, फानी.”

“माहितीय. पण आता मी असाच उचलते. आधी नाही, मग बघू.”

“बेबा काय करतेय?”

“जेवतेय. म्हणजे मी जेवतेय, ती बघतेय. थांब, ऐक.” फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज, चमचा वाटीला लागल्याचा आवाज. “आणखी एक घास, माझी राणी?”

आणि मग एक इवलासा, ओलसर, पण अगदी निःसंशय, “त्स.”

मी हसले, डोळे पुसले, आणि पोलिक्सेनी मावशीला कळवून टाकलं की तुझं ऐकायला हवं होतं. तिने लगेच मला झाकणाच्या डब्यांबद्दल काहीतरी पाठवलं. ते मी पूर्ण वाचलं.

आता तुम्हाला एक काम सांगते. तुमचं कुणी असेल, आई, काकू, शेजारची एकटी राहणारी बाई, जी कढईत कांदा टाकून फोन उचलते, तिला आज एक फोन करा. उचलताना ती काय म्हणते ते ऐका. हल्ली ती दारात थांबून ‘आत येऊ का’ असं विचारत असेल, गॅस पुन्हा पुन्हा तपासत असेल, तर वयाला बोल लावू नका लगेच. आधी विचारा, तुला कुणी काही म्हणालं का? बँकेतनं काही फोन आला होता का? आणि ‘मी नाही म्हटलं होतं’ असं ती म्हणाली, तर फोन ठेवू नका. तिच्याकडे जा, आणि नाही म्हणताना ती कशी म्हणते, ते एकदा समोर बसून बघून या.